खालच्या खोलीतला पंखा

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी डीटर सर खालच्या खोलीत उतरले. सुलभाताई वर आल्या. सर वर आले नाहीत. वामन त्यांच्या मागे उतरायला निघाला. मी दार धरलं आणि सोडलं नाही.

मी बिअरच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "फुकट मिळायची का?" सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, चष्मा लावणारी, वंदनेला पांढरी साडी नेसून विहारात जाणारी बाई बिअर बनवायची, यात त्यांना गंमत वाटते. गंमत होतीच. पण त्या वर्षांकडे मागे वळून पाहते तेव्हा मला आधी आठवते ती भीती. संपादकांनी 'तुमच्या वेगळ्या व्यवसायाबद्दल लिहा' म्हटलं, तेव्हाच मला कळलं की लिहायचं तर तिच्याबद्दलच लिहावं लागेल.

कारखाना म्हणजे भांडुपला डोंगराच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. एका अंगाला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, दुसऱ्या अंगाला स्क्रू कापणारे. जमीन उताराची, त्यामुळे गाळ्याचा पुढचा भाग रस्त्याच्या पातळीवर आणि मागचा भाग पायऱ्या उतरून खाली. पुढे ग्राहकांसाठी थोडी टेबलं होती. मध्ये उकळण्याची भांडी आणि एका कोपऱ्यात माझं टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक. मागे, पायऱ्यांच्या खाली, टाक्यांची खोली. तिला आम्ही सगळे 'खालची खोली' म्हणायचो. अर्धी जमिनीत असल्यामुळे तिथे मे महिन्यातही गारवा असायचा. सरांनी तो गाळा त्या गारव्यासाठीच घेतला होता.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जवाला मोड आणतात, मग ते वाळवून भाजतात आणि भरडतात. मोड आलेल्या धान्यात गोडी उतरते, हे घरी नाचणीचं सत्त्व करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ती भरड गरम पाण्यात मुरवली की गोड पाणी मिळतं. त्यात एका वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. पुढचं काम माणसाचं नसतं. यीस्ट त्या पाण्यातली साखर खातं आणि दोन गोष्टी मागे ठेवतं, दारू आणि कार्बन डायऑक्साइड.

लोक विचारतात पहिलीबद्दल. आम्ही घाबरायचो दुसरीला.

या गॅसला रंग नाही. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून टाकीतून निघाला की जमिनीवर उतरतो, सांडलेल्या पाण्यासारखा पसरतो, खोलगट जागा शोधतो आणि तिथे साचत जातो. खोलगट जागेतला माणूस त्यात बुडतो. पाणी तेवढं दिसत नाही. फार झाला तर नाकात झिणझिण्या येतात, सोड्याची ढेकर नाकातून आल्यासारख्या. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून खालच्या खोलीत, अगदी जमिनीलगत, भिंतीत एक मोठा पंखा बसवला होता. तो गॅस ओढून मागच्या उतारावर फेकायचा. तो कधी थांबत नसे. त्याची घरघर गाळ्यात सगळीकडे ऐकू यायची. नव्या माणसाला तिचा त्रास व्हायचा. मला ती नसली तर घाम फुटला असता. टेबलाशी बसून पेशी मोजताना माझा एक कान कायम त्या घरघरीकडे असायचा. घरी गेल्यावरही, घाटकोपरला आमच्या खोलीत, झोप लागण्याआधी मी कशाचा तरी आवाज शोधत असे.

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला यीस्टबद्दल काही विचारलं नाही. थेट मागच्या दारापाशी नेलं, पायऱ्या दाखवल्या आणि गॅसबद्दल सांगितलं. मग म्हणाले, "खाली जायची भीती वाटते?"

मराठी चांगलं बोलायचे. यंत्रांवरच्या कामगारांकडून शिकलेलं, भांडुप-मुलुंडचं मराठी.

मी म्हणाले, "वाटते. माझे वडील ठेकेदाराकडे गटारं उपसायला जायचे. झाकण उघडलं की आधी आतली झुरळं बघायचे. झुरळं हलत असतील तर उतरायचे."

"आणि नसतील हलत?"

"त्या दिवशी लवकर घरी यायचे."

सरांनी मागचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्याआधी तिघं येऊन गेले. सगळे म्हणाले, भीती नाही वाटत सर. मला असे नको. उद्यापासून ये."

आईला मी नोकरी कसली ते सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या बापाला जिनं खाल्लं, ती बनवणार होय तू?" वडील पीत होते. न पिता त्या झाकणाखाली जाता येत नाही असं ते म्हणायचे. मी कामावर जायला लागले. पहिला पगार झाला तेव्हा तिने तो देव्हाऱ्यासारख्या मांडलेल्या आमच्या फळीवर, बुद्धांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि म्हणाली, "चव घेतेस ना? थुंकत जा." मी थुंकत होते. कामच तसं असतं. चव घ्यायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची.

डीटर सर मूळचे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावचे. औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायची यंत्रं बसवायला म्हणून त्यांना कंपनीने मुंबईला पाठवलं होतं. यंत्रं बसली, चालू झाली, बरोबरचे परत गेले. हे राहिले. का राहिलात असं कोणी विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे. एकदा म्हणाले, परतीचं तिकीट हरवलं. एकदा म्हणाले, मुलुंडला भाड्याची जागा इतकी मुश्किलीने मिळाली की सोडवेना. आधी यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा केला. मग बंद पडलेल्या एका डेअरीच्या दुधाच्या टाक्या विकत घेतल्या, स्वतः वेल्डिंग केलं आणि त्यांच्या बिअरच्या टाक्या केल्या. परवान्यासाठी किती वर्षं कुठे कुठे बसले ते त्यांनाच माहीत. एका कारकुनाने विचारलं होतं, "तुमच्या देशात नाही का हे बनवता येत?" सर म्हणाले, "तिथे सगळेच बनवतात हो. मला कोण विचारणार?"

पुढे अंधेरी-वर्सोव्याच्या हॉटेलांत आमची पिंपं जायला लागली. पण सरांचा जीव पुढच्या त्या थोड्या टेबलांत होता.

तिथे माणसं वेगवेगळी येत. मुलुंडचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक दर शनिवारी दुपारी यायचे, पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे आणि त्यात बिअर ओतून घ्यायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला ताक वाटावं म्हणून. एकदा वैतागून म्हणाले, "अहो डीटरराव, तो पंखा जरा बंद करा की. माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही."

"मास्तर," सर म्हणाले, "तो पंखा बंद झालेला ऐकलात तर पेला इथेच ठेवायचा आणि पळायचं. बिल मी माफ करीन."

"आणि पेला?"

"पेला घरी आणून देईन. पण पळा."

उरलेला चोथा आम्ही गोरेगावच्या एका तबेलेवाल्याला द्यायचो. मुरवून गोडी काढून घेतलेलं धान्य, म्हशींना उत्तम. पण पहिल्या दिवशी तो पोत्याला हात लावेना. "साहब, भैंस को चढ गयी तो? दूध पीके बच्चा लोग झूमेगा, तो मेरे को मारेंगे." सरांनी पोत्यातला मूठभर चोथा घेऊन स्वतः चावून खाल्ला. तबेलेवाला त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, हे आता डुलतात की काय म्हणून. मग म्हणाला, "आप तो जर्मन हो, आप को क्या होगा." शेवटी वामनने खाल्ला तेव्हा पोती गेली.

वामन आमचा टाक्यांवरचा माणूस. मालवणकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर गावी परतले, हा इथे राहिला. टाक्या आतून धुणं, भरणं, रिकाम्या करणं हे त्याचं काम. सुलभाताई साफसफाई बघायच्या, म्हणजे गाळाच चालवायच्या म्हणा ना. बिअरच्या कामात निम्म्याहून अधिक वेळ धुण्यात जातो. कुठे डाग राहिला तर सबंध टाकी आंबट होते. ताईंच्या हातून डाग सुटत नसे. सरांनाही सोडत नसत. "साहेब, बूट! आत्ता पुसलंय मी." आणि सर दारात बूट काढून मोज्यांवर आत यायचे.

एका शनिवारी दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईना. मी ते थांबणं ऐकलं. घरघर हळूहळू खाली गेली आणि मग काहीच नाही. सरांनी मागचं दार ओढून लावलं आणि सगळ्यांना बाहेर रस्त्यावर काढलं. आम्हांला आणि हातात पेले घेतलेल्या ग्राहकांनाही. लोक चिडले.

"अरे क्या यार, गरम हो रही है!"

एक पोरगेला ग्राहक म्हणाला, "काय साहेब, लाइट गेली तर मेणबत्ती लावा ना. घाबरवता कशाला?"

"लावतो," सर म्हणाले.

थोडा वेळ जाऊ दिला. मग त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती उभी केली, डब्याला दोरी बांधली, त्या मुलाला बरोबर घेऊन मागच्या दारापाशी गेले. तोंड दाराबाहेर ठेवून डबा पायऱ्यांवरून हळूहळू खाली सोडला. आम्ही मागून बघत होतो. वरच्या पायऱ्यांवर ज्योत सरळ होती. आणखी खाली ती आखडली. आणखी खाली गेली तेव्हा कोणी फुंकर घातल्यासारखी गेली. वारा नव्हता. धूर तेवढा बाजूला सरकत गेला, पाण्यावर तरंगावा तसा.

तो मुलगा पेला खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

वामन म्हणाला, "साहेब, ह्या माका म्हाईत आसा. आमच्याकडे बाव उपसूक उतरताना आधी कंदील सोडतत. कंदील विझलो तर कोण उतरणत नाय."

सर त्याच्याकडे वळले. "विहिरीत?"

"विहिरीत. आजो माझो सोडी."

सरांना त्याचा केवढा आनंद झाला! मग रस्त्याच्या कडेला सगळे बसलो असताना त्यांनी आम्हांला त्यांच्या घरचं सांगितलं. त्यांच्या आजोबांची गावात लहानशी ब्रुअरी होती, तळघरातली. तिथेही आधी मेणबत्ती सोडायची पद्धत होती. एके दिवशी त्यांचा मोठा भाऊ घाईत तसाच उतरला आणि पडला. काका त्याला काढायला उतरले, तेही पडले. मग वडील निघाले. "आईने दार लावून घेतलं," सर म्हणाले. "कुलूप घातलं आणि किल्ली चोळीत टाकली. वडिलांनी तिला मारलं. तिने किल्ली दिली नाही. मी तिथेच होतो. दोन गेले. तीन गेले नाहीत, ते तिच्यामुळे."

सुलभाताईंनी पदराने तोंड पुसलं.

"म्हणून सांगतो," सर म्हणाले, "पडला त्याच्यामागे उतरायचं नाही. कोणी पडलं, आधी पंखा, मग दोरी, मग मुखवटा. मुखवटा नसेल तर बाहेर उभं राहायचं आणि ओरडायचं. मी पडलो तरी. सुजाता, ऐकलंस गं? तू दार धरायचंस."

"मी का?" मी विचारलं.

"तू घाबरतेस म्हणून."

मागच्या दारापाशी खुंट्या होत्या. एकीवर कमरेला लावायचं मीटर, एकीवर दोरी, एकीवर हवेच्या बाटलीचा मुखवटा. मीटर चालू करून कमरेला लावल्याशिवाय कोणी उतरत नसे. मेणबत्ती विझण्याच्या कितीतरी आधी माणूस पडू शकतो, म्हणून खरा भरवसा मीटरवर. पण त्या दिवसापासून तो मेणबत्तीचा डबाही चौथ्या खुंटीवर आला. "मीटरचा आकडा माणूस विसरतो," सर म्हणायचे, "विझलेली मेणबत्ती विसरत नाही."

आता खंडेनवमी.

आमच्याकडे ती दर वर्षी व्हायची. सरांना तो सण फार आवडायचा. हत्यारांना एक दिवस विश्रांती देतात आणि त्यांच्या पाया पडतात, हे ऐकल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी आपली वेल्डिंगची टॉर्च पुसून पाटावर ठेवली होती. पूजा वर, उकळण्याच्या भांड्यांपुढे होत असे. त्या वर्षी दिवाळीच्या मागणीसाठी नवी मोठी टाकी आली होती आणि ती खाली होती.

"नवी टाकी खाली आणि पूजा वर?" आदल्या दिवशी सुलभाताई म्हणाल्या. "रुसेल ती, साहेब."

"मग खाली करा," सर हसून म्हणाले. "तिला रुसवून चालणार नाही. दिवाळी तिच्या पोटात आहे."

सगळ्या टाक्या भरलेल्या होत्या आणि यीस्ट अगदी जोरात होतं. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघत होते. यीस्टला सणवार नसतो, म्हणून त्या सकाळीही मी वर टेबलाशी बसले होते. पूजेला मी कधी उतरत नसे. त्यावरून मला कोणी काही बोलल्याचं आठवत नाही. प्रसाद मात्र ताई पहिला मला आणून द्यायच्या.

त्यांनी हत्यारं मांडली. पाने, नळ्या, वामनचे ब्रश, एक जुना थर्मामीटर. मग त्यांचं लक्ष खुंट्यांकडे गेलं. "वामन, ते मीटर नि दोरी पण आण रे. आणि तो मुखवटा, तो मेणबत्तीचा डबा. वर्षभर जीव सांभाळतात ते. त्यांचा मान पहिला." त्यात चुकीचं काय होतं? मी वर बसून ते ऐकलं आणि मला ते बरं वाटलं. वामनने सगळं धुऊन पुसून खाली नेलं. मीटरला हळदकुंकू लागलं, दोरीवर झेंडूचं फूल आलं. मीटर बंद होतं, कारण त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं.

सर हार आणायला बाजारात गेले होते.

निरांजन लावताना पंखा बंद करायचा, हे आपल्या घरांत कोणी कोणाला शिकवत नाही. हात आपोआप बटणाकडे जातो. पूजेला सात-आठ जण होते. बटण कोणी दाबलं ते नंतर कोणी विचारलं नाही, आणि कोणाला आठवलंही नसतं. गॅस साचला की वाजणारा भिंतीवरचा भोंगा पंख्याच्याच लाइनवर होता. तोही गप्प झाला.

मी पेशी मोजत होते. मोजता मोजता मला जाणवलं की आरतीचे शब्द अगदी स्पष्ट ऐकू येत आहेत. झांजा, वामनचा चढा आवाज, ताईंच्या बांगड्या, सगळं. एक कडवं मी तशीच बसून ऐकलं. मग कळलं की हे इतकं स्पष्ट ऐकू यायला नको.

मी उठले तेव्हा सर पुढच्या दारातून आत येत होते. हातात हाराचा पुडा. ते आत आले आणि थबकले. त्यांनीही तेच ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं. पुडा टाकून ते मागच्या दाराकडे धावले. मी त्यांच्या मागे.

खाली आरती थांबली होती. पाटावरचं निरांजन विझलेलं होतं. ताई वाकून ते पुन्हा लावत होत्या. काडी पेटत होती, खाली नेली की विझत होती. कोणीतरी म्हणालं, "विझतंय सारखं. चांगलं नाही हे." दुसऱ्याने म्हटलं, "तेल कमी असेल." ताई म्हणाल्या, "थांबा रे, लावते मी." आणि पुन्हा वाकल्या.

"वर या!" सर ओरडले. "सगळे वर! पळा!"

त्यांचा तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. माणसं पायऱ्यांवर चढली, एकमेकांना ढकलत, दोघंजण भिंतीला धरत धरत. वामन शेवटचा चढला. ताई वर बघायला उठल्या नाहीत. त्या पाटाशेजारी कुशीवर झाल्या, हातात काडेपेटी तशीच.

"पंखा, सुजाता."

बटण वरच्या भिंतीवर, दाराच्या आत होतं. मी ते दाबलं. घरघर सुरू झाली. सरांनी खुंट्यांकडे हात नेला. चारही खुंट्या रिकाम्या होत्या. त्यांनी खाली पाटाकडे पाहिलं. मीटर, दोरी, मुखवटा तिथे होते, फुलांखाली.

त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि ते उतरले.

ताईंना त्यांनी काखेतून धरून ओढलं, पायऱ्यांशी आणलं, वर ढकललं. वामन आणि आणखी एकाने वाकून त्यांचे दंड पकडले आणि त्यांना वर घेतलं. त्या वेळी सर मला अगदी नीट दिसत होते. आता ते चढतील असं मला वाटलं. पण ताईंना वर ढकलताना त्यांनी श्वासासाठी तोंड उघडलं होतं. ते खालच्या पायरीवर बसले, थकलेला माणूस बसतो तसे, आणि बसल्या जागी बाजूला कलले.

वामन निघाला. मी दार धरलं. दोन्ही हातांनी चौकट पकडली आणि मध्ये उभी राहिले. तो मला ओढत होता. "सोड गो! सोड माका! साहेब आसत थय!" त्याने मला शिव्या दिल्या, ज्या त्याने आधी कधी कोणाला दिलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. माझ्या खांद्यावर मारलं. मी फक्त ओरडत होते आणि दार सोडत नव्हते. शेजारचे खोकेवाले धावत आले. अग्निशमन दलाची माणसं मुखवटे लावून आली आणि सरांना घेऊन वर आली. पंखा त्या सगळ्या वेळात चालू होता. खोली भरायला वेळ लागला होता, तसा रिकामी व्हायलाही लागला.

सरांची एक बहीण गावी आहे, वयस्कर. तिला फोन मी केला. इंग्रजीत, दोघींनाही जेमतेम येणाऱ्या. तिने रडण्याआधी एकच विचारलं, "त्याच्या मागे कोणी गेलं?" मी म्हणाले, "नाही. मी दार धरलं." मग ती म्हणाली, "आईसारखं." आणि फोन ठेवला.

नियम त्यांचा होता. तो त्यांनी स्वतः मोडला आणि मला पाळायला लावला. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांचे डोळे खुंट्यांवरून पाटाकडे गेले, त्या क्षणात त्यांच्या मनात काय आलं असेल? भाऊ आला असेल? का फक्त ताईंचे हिरव्या बांगड्यांचे हात दिसले असतील? मला उत्तर सापडलेलं नाही. सुलभाताईंना भेटून आले की काही दिवस ते शोधावंसंही वाटत नाही.

ताई भांडुपलाच लेकीकडे असतात. चालतात, बोलतात, घर पुसतात. मधली काही वर्षं त्यांच्या लक्षात राहिलेली नाहीत. त्यांना लहानपण आठवतं, लग्न आठवतं, आमचा गाळा अर्धवट आठवतो. दर भेटीत त्या विचारतात, "मला कोणी वर काढलं गं?" लेक म्हणते, "मावशी, सांगू नका, रडते मग ती." मी सांगते. त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतात. मग म्हणतात, "बूट काढले होते का त्यांनी?" आणि स्वतःच हसतात, आणि मग रडतात.

वामन गावी गेला. वर्षभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या खंडेनवमीला त्याचा फोन आला. त्याने नमस्कार नाही केला, काही नाही. म्हणाला, "आज बाव उपसली. कंदील सोडलेलो मी." मी म्हणाले, "विझला?" तो म्हणाला, "नाय. चांगलो जळलो." आणि ठेवला. आता दर वर्षी येतो त्याचा फोन.

गाळ्यात हल्ली प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे. मास्तर आता बाहेर पडत नाहीत. त्यांचा स्टीलचा पेला वीज गेली त्या शनिवारपासून आमच्याकडेच राहून गेला होता, तो मी त्यांच्या घरी नेऊन दिला. सरांनी तसं कबूल केलं होतं.

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा बघते. सरांचं यीस्ट काचेच्या नळीत ठेवलेलं आहे. दर काही महिन्यांनी मी ते नव्या नळीत घालते. ते जिवंत आहे. त्याची बिअर आता कोणी करत नाही.

घरी संध्याकाळी बुद्धांपुढे मेणबत्ती लावते. पूर्वी आई त्या वेळी पंखा बंद करायची. आता आम्ही करत नाही. मेणबत्ती विझते. मी पुन्हा लावते. पंखा चालू असतो.